ट्रेहॅलोज

ट्रेहॅलोज : एक नैसर्गिक द्विशर्करा (दोन साध्या शर्करांचे रेणू जोडले जाऊन बनलेले कार्बोहायड्रेट). कवके, यीस्ट, काही सूक्ष्मजंतू, कीटक व थोड्या वनस्पती यांत ती आढळते. व्यापारी प्रमाणावर मात्र ती मका, टॅपिओका इ. वनस्पतींच्या स्टार्चपासून एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने तयार करतात. ट्रेहॅलोज वर्णहीन, गंधहीन व चवीला सौम्य गोड असून खाद्यपदार्थ, औषधे, डोळ्यांत घालावयाचे थेंब आणि त्वचेची आर्द्रता टिकविणारी मलमे व द्रावणे यांत त्याचा उपयोग होतो. जवळजवळ सर्व पाणी गमावूनही जिवंत राहणाऱ्या काही जीवांच्या शरीरात ही शर्करा साठलेली असते. यामुळे सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात तिला विशेष प्रसिद्धी मिळाली आहे. तथापि जिवंत कोशिकेत (पेशीत) ती जे कार्य करते ते, आणि त्वचेवर बाहेरून लावली असता ती जे करू शकते ते, ही दोन वेगवेगळी कार्ये आहेत. त्यांतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय या शर्करेचे मोल यथार्थपणे ठरविता येत नाही.

इतिहास : राय या धान्याच्या कणसांवर वाढणाऱ्या अरगट या कवकात एच. ए. एल. विगर्स या जर्मन औषधनिर्मात्यांना १८३२ मध्ये ही शर्करा प्रथम आढळली. पुढे १८५८ च्या सुमारास मार्सेलिन बेर्तलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ‘ट्रेहाला’ नावाच्या पदार्थातून ती वेगळी केली व त्यावरून तिला ट्रेहॅलोज हे नाव दिले. ट्रेहाला म्हणजे लॅरिनस वंशातील भुंगेऱ्यांनी काटेचेंडूच्या वंशातील (एकिनॉप्स) झुडपांवर बांधलेले कोश होत. इराण, सिरिया व तुर्कस्तान या भागांत ते गोळा करतात. त्यांचा काढा खोकल्यावर देण्याची तेथे जुनी प्रथा असून फार्सीत या कोशांना ‘शकर तिगाल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अरगटातील शर्करेस ‘मायकोज’ असेही नाव पडले होते. मायकोज व ट्रेहॅलोज ही एकच होत, हे पुढे स्पष्ट झाले.

यीस्टमध्ये ट्रेहॅलोज कसे तयार होते याचा उलगडा एल. एफ. लेल्वार व ई. काबीब यांनी १९५३ मध्ये केला. शर्करांच्या जैव संश्लेषणावरील कार्याबद्दल लेल्वार यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जी. आर. वायट व जी. एफ. काल्फ यांनी १९५७ मध्ये कीटकांच्या रक्तद्रवातील प्रमुख शर्करा ट्रेहॅलोज असल्याचे दाखवून दिले. माणसाच्या रक्तात ग्लुकोजाला जे स्थान आहे ते कीटकांत बहुतांशी ट्रेहॅलोजाला आहे. उडणाऱ्या अनेक कीटकांच्या स्नायूंना ऊर्जा त्यातून मिळते.

आढळ : यीस्ट, अळंबी व इतर कवके यांत ट्रेहॅलोज विपुल असते. वाळविलेले यीस्ट पाण्यात घातल्यावर पुन्हा कार्यक्षम होते, याचे एक कारण त्यात साठलेले ट्रेहॅलोज हे होय. खाऱ्या सरोवरांतील आर्टेमिया या कवचधारी प्राण्याचे सुप्तावस्थेतील भ्रूण कित्येक वर्षे कोरडे राहूनही पाणी मिळताच वाढू लागतात. त्यांच्या शुष्क वजनाच्या सु. १५ टक्के ट्रेहॅलोज असते. आफ्रिकेतील पोलिपेडिलम व्हँडरप्लँकाय या माशीच्या अळ्या आटलेल्या डबक्यांत पूर्णपणे वाळतात व पाऊस पडला की पुन्हा हालचाल करू लागतात. वाळलेल्या अळीत शुष्क वजनाच्या सु. २० टक्के ट्रेहॅलोज आढळते.

उच्च वनस्पतींत मात्र ही शर्करा बहुधा लेशमात्र असते. मेक्सिकोतील चिवावा वाळवंटात उगवणारी सिलाजिनेला लेपिडोफायला ही नेचाशी दूरचे नाते असलेली वनस्पती हा या बाबतीतील ठळक अपवाद होय. अवर्षणात ती चेंडूसारखी आवळली जाते व पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा उलगडून हिरवी दिसू लागते. दक्षिण आफ्रिकेतील मायरोथॅम्नस फ्लॅबेलिफोलियस या झुडपातही ट्रेहॅलोज आढळते. अशा वनस्पतींना ‘पुनरुज्जीवी’ वनस्पती म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी अलीकडील काळात पश्चिम घाटातील शुष्कतासह वाहिनीवंत वनस्पतींच्या ६२ जातींची नोंद केली आहे. कातळी पठारांवरील काही गवते त्यांत मोडतात. तथापि सपुष्प पुनरुज्जीवी वनस्पती वाळताना मुख्यत्वे सुक्रोज (उसाची साखर) साठवितात, ट्रेहॅलोज नव्हे. म्हणून पुनरुज्जीवी वनस्पती व ट्रेहॅलोज यांची सांगड सरसकट घालणे योग्य नाही.

संरचना व गुणधर्म : ट्रेहॅलोजाच्या रेणूत कार्बनाचे १२, हायड्रोजनाचे २२ व ऑक्सिजनाचे ११ अणू असतात. सुक्रोजाचे रेणुसूत्रही हेच आहे. तथापि सुक्रोजात ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे, तर ट्रेहॅलोजात ग्लुकोजाचेच दोन रेणू जोडलेले असतात. ग्लुकोजाच्या रेणूतील जो कार्बन अणू सर्वांत विक्रियाशील असतो, त्याच अणूंच्या द्वारे ही जोडणी झालेली असल्यामुळे दोन्ही बाजूंची विक्रियाशील टोके बंद होतात. यामुळे ट्रेहॅलोज ही क्षपण न करणारी शर्करा ठरते. ग्लुकोज वा फ्रुक्टोज प्रथिनांबरोबर तापविले असता मिश्रण तपकिरी होते. ट्रेहॅलोजाच्या बाबतीत तसे होत नाही. अम्लांचा व उष्णतेचाही त्यावर सहजासहजी परिणाम होत नाही. लिंबाच्या रसाने सुक्रोजाचे विच्छेदन होते, तर ट्रेहॅलोज त्या मानाने पुष्कळच टिकाऊ आहे. मलमात अनेक महिने इतर घटकांच्या सान्निध्यात राहूनही त्याचा रंग, वास वा गुण बदलत नाही, याचे कारण ही संरचनाच होय.

ट्रेहॅलोज सामान्यतः पाण्याचे दोन रेणू धारण करणाऱ्या सजल स्फटिकांच्या रूपात मिळते. या स्फटिकांचा वितळबिंदू सु. ९७° से. आहे. २०° से. तापमानास १०० ग्रॅ. पाण्यात सु. ६९ ग्रॅ. ट्रेहॅलोज विरघळते. त्याची गोडी सुक्रोजाच्या निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे सु. ४५ टक्के असते. सजल स्फटिक दमट हवेतही कोरडे राहतात. सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत ते हवेतील बाष्प फारसे शोषीत नाहीत. त्वचेच्या दृष्टीने या गुणधर्माला महत्त्व आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

शुष्कतेपासून संरक्षण : कोशिकेतील पाणी नाहीसे झाले की तिच्या पटलातील मेदरेणू एकमेकांना चिकटतात, पटलाचे प्रवाहीपण जाते व पुन्हा पाणी मिळाल्यावर ते गळू लागते. प्रथिनांच्या घड्या विस्कटतात व ती निरुपयोगी होतात. कोशिका मरते ती केवळ पाण्याच्या अभावाने नव्हे, तर पाणी जाताना व परत येताना होणाऱ्या या मोडतोडीने.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतील जॉन क्रो, लोइस क्रो व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये ट्रेहॅलोजाच्या साहाय्याने पटले कोरडी होऊनही अखंड राहू शकतात, असे दाखविले. त्यांच्या उपपत्तीनुसार ट्रेहॅलोजाचे अनेक हायड्रॉक्सिल गट मेदरेणूंच्या व प्रथिनांच्या ज्या जागांशी पाणी बद्ध असते तेथे स्वतः बद्ध होतात आणि पाण्याची उणीव भरून काढतात. दुसऱ्या एका उपपत्तीनुसार वाळताना ट्रेहॅलोजाचे स्फटिक न बनता काचेसारखा घट्ट, अस्फटिकी घन पदार्थ बनतो व त्यात कोशिकेतील सर्व घटक जागच्या जागी खिळून राहतात. कोरड्या ट्रेहॅलोजाची ही काच सु. ११०° से. तापमानापर्यंत मऊ होत नाही. सुक्रोजाची काच ६०° ते ७०° से. तापमानासच मऊ होते. उष्ण हवेत टिकून राहण्याच्या दृष्टीने ट्रेहॅलोज सरस ठरते, ते यामुळेच. या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडत असाव्यात, असे आता मानतात.

मात्र शुष्कतासह जीवांचे सामर्थ्य केवळ या एका शर्करेवर अवलंबून नाही. आंटोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये पन्हाळीतील कोरड्या गाळात पाणी घालून रोटिफेरा प्राणी पुन्हा जिवंत होताना पाहिले होते. या गटातील शुष्कतासह प्राण्यांत ट्रेहॅलोज नसतेच, असे २००३ मध्ये निदर्शनास आले. टार्डिग्रेडा या सूक्ष्म प्राण्यांच्या अनेक जातींतही ते अत्यल्प असते. या जीवांत विशिष्ट प्रथिने संरक्षणाचे काम करतात.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पटलाचे रक्षण होण्यासाठी ट्रेहॅलोज पटलाच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंस असावे लागते. सस्तन प्राण्यांच्या कोशिका ते तयार करीत नाहीत आणि त्यांच्या पटलातून ते सहजासहजी आतही जात नाही. २००० मध्ये संशोधकांनी जीवाणूच्या एका विषद्रव्यात फेरफार करून त्याच्या योगे कोशिकापटलाला सूक्ष्म छिद्रे पाडली, त्यांतून ट्रेहॅलोज आत सोडले व अशा कोशिका अतिशीत तापमानात टिकविल्या. एवढा खटाटोप करावा लागला यावरूनच मानवी कोशिकेत या शर्करेचा शिरकाव किती अवघड आहे, हे ध्यानात येते.

उत्पादन : विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ट्रेहॅलोज मुख्यतः यीस्टपासून अर्करूपाने काढीत. ते फार महाग पडे व त्याचा वापर प्रयोगशाळा आणि थोडी औषधे यांपुरताच मर्यादित राही. जपानमधील ओकायामा येथील हायाशिबारा या कंपनीच्या संशोधकांनी आर्थ्रोबॅक्टर वंशातील एका मृदावासी जीवाणूत दोन नवीन एंझाइमे शोधून काढली. त्यांपैकी पहिले एंझाइम स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडील दोन ग्लुकोज घटकांची जोडणी बदलून तेथे ट्रेहॅलोजाचा घटक बनविते. दुसरे तो घटक साखळीपासून तोडून मोकळा करते. उरलेल्या साखळीवर हीच क्रिया पुनःपुन्हा होते. प्रत्यक्ष निर्मितीत मका वा टॅपिओका यांच्या स्टार्चची खळ प्रथम पातळ करतात, तिच्यातील फांद्या तोडतात व मग वरील दोन एंझाइमांची विक्रिया घडवितात. तयार झालेला विद्राव गाळून, विरंजित व शुद्ध करून आणि संहत (अधिक घट्ट) करून त्याचे स्फटिकीकरण करतात. या पद्धतीने स्टार्चच्या ८० टक्क्यांहून अधिक भागाचे ट्रेहॅलोजात रूपांतर होते. १९९५ पासून असे ट्रेहॅलोज बाजारात आले व त्याची किंमत पूर्वीच्या मानाने कित्येक पटींनी उतरली. सौंदर्यप्रसाधनांत ते सर्रास दिसू लागले, ते त्यानंतरच.

सारांश, वेष्टनावर ‘वनस्पतिजन्य’ असे लिहिलेले असले, तरी ते ट्रेहॅलोज वाळवंटातील पुनरुज्जीवी वनस्पतीपासून काढलेले नसून बहुधा मक्याच्या वा टॅपिओकाच्या स्टार्चपासून बनविलेले असते. यात कमीपणा काही नाही, कारण रेणू तोच असतो व त्याची शुद्धताही अधिक असते. दुर्मिळ वनस्पती उपटाव्या लागत नाहीत, हा आणखी एक लाभ.

त्वचा व तिच्यातील पाणी : त्वचेच्या बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर होय. अंगाच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटराचा हजारावा भाग) असते. तळहात व तळपाय येथे तो पुष्कळच जाड असतो. हा थर केराटीन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या, मृत कोशिकांचा बनलेला असतो. त्यांच्या मधल्या जागेत सिरॅमाइडे, कोलेस्टेरॉल व वसाम्ले असे मेदी पदार्थ असतात. विटा व चुना यांच्या भिंतीची उपमा या रचनेला देतात. शरीरातील पाण्याचे बाष्पीभवन रोखण्याचे मुख्य काम ही भिंत करते. तरीही तीतून थोडे पाणी न कळत सतत निसटत असते.

कोशिकांच्या आत पाणी धरून ठेवणाऱ्या विद्राव्य पदार्थांच्या मिश्रणास ‘नैसर्गिक आर्द्रताधारक घटक’ म्हणतात. त्यात सु. ४० टक्के ॲमिनो अम्ले, सु. १२ टक्के पायरोलिडोन कार्‌बॉक्सिलिक अम्ल, तितकीच लॅक्टेटे, सु. ७ टक्के यूरिया आणि सु. ८.५ टक्के शर्करा व तत्सम पदार्थ असतात. वारंवार साबण लावल्याने व धुण्याने हे पदार्थ निघून जातात.

त्वचा मऊ राहते ती तेलाने की पाण्याने, या प्रश्नाचा निर्णय इर्विन एच. ब्लँक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी लागला. त्यांनी घट्ट्यांचे वाळून कडक झालेले तुकडे तेलांत ठेवले, तेव्हा ते कडकच राहिले. पाणी मिळताच ते लवचिक झाले. शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सु. १० टक्क्यांखाली गेले म्हणजे तो ठिसूळ होतो, असे त्यांना आढळले. यावरून त्वचेला लवचिकपणा पाणी देते आणि तेल ते पाणी उडून जाऊ देत नाही, हे स्पष्ट झाले. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी दुपारची हवा अतिशय कोरडी असते. टाचांना भेगा पडणे, ओठ फुटणे व अंगावर पांढुरकी कोंडी दिसणे या तक्रारी त्या काळात वाढतात, त्या याच कारणाने. कोकणच्या दमट हवेत त्यांचे प्रमाण कमी असते.

त्वचेची कोरड घालविणाऱ्या प्रसाधनांतील घटकांचे कार्यानुसार तीन वर्ग पाडतात. (१) आर्द्रताधारक : हे पाणी ओढून घेतात व धरून ठेवतात, उदा., ग्लिसरीन, यूरिया, सॉर्बिटॉल, ट्रेहॅलोज. (२) आच्छादक : हे त्वचेवर पातळ पापुद्रा तयार करून बाष्पीभवन रोखतात, उदा., पेट्रोलियम जेली, मेण. (३) मृदुकर : हे सुटू पाहणाऱ्या कोशिकांमधील फटी भरून त्वचा गुळगुळीत करतात, उदा., वनस्पतिज तेले, काही मेदी अल्कोहॉले. चांगल्या मलमात या तिन्ही वर्गांतील घटकांचा मेळ घातलेला असतो.

त्वचाप्रसाधनांतील ट्रेहॅलोज : मलमे, द्रावणे व लेप यांत ट्रेहॅलोज साधारणपणे १ ते ५ टक्के या प्रमाणात घालतात. ते पाण्यात विरघळवूनच वापरतात. त्वचेवर पसरल्यानंतर द्रावणातील पाण्याचा काही भाग उडून जातो व उरलेले पाणी ट्रेहॅलोज, ग्लिसरीन इ. विद्राव्य घटकांच्या पातळ थरात काही काळ टिकून राहते. ग्लिसरीन अधिक प्रमाणात घातल्यास त्वचा चिकट लागते. त्याचा काही भाग कमी करून ट्रेहॅलोज घातल्यास स्पर्श हलका लागतो, म्हणून प्रसाधन तयार करणारे ही जोडी पसंत करतात. ट्रेहॅलोज रंगहीन व स्थिर असून इतर घटकांशी सहसा विक्रिया करीत नाही व त्वचेला क्वचितच बाधते. मात्र शर्करा हे सूक्ष्मजंतूंचे अन्न असल्यामुळे पाणी असलेल्या अशा मिश्रणात योग्य परिरक्षक (पदार्थ नासू नये म्हणून घालावयाचे द्रव्य) असणे आवश्यक असते. घरी साखर वा मध पाण्यात कालवून केलेला लेप साठवून ठेवू नये, याचेही कारण हेच.

मर्यादा : ट्रेहॅलोजाविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांचा विचार करताना पुढील गोष्टी लक्षात ठेवणे इष्ट ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे निव्वळ पाणी ओढण्याच्या शक्तीत ट्रेहॅलोज ग्लिसरिनाच्या मागे आहे. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ग्लिसरीन आपल्या वजनाच्या सु. एक चतुर्थांश इतके पाणी शोषून घेते. ट्रेहॅलोजाचे सजल स्फटिक तशा हवेत कोरडेच राहतात. म्हणून ट्रेहॅलोज हे ग्लिसरिनाचे साहाय्यक म्हणून उपयुक्त आहे, त्याला पर्याय म्हणून नव्हे. ग्लिसरीन व यूरिया यांच्या परिणामांचे पुरावे अनेक दशकांचे व विपुल आहेत. केवळ ट्रेहॅलोजाचा परिणाम वेगळा काढून पाहणारे मानवी त्वचेवरील स्वतंत्र अभ्यास त्या मानाने थोडे आहेत.

दुसरी गोष्ट त्वचेत शिरण्याविषयीची. ट्रेहॅलोजाचा रेणुभार ३४२ आहे. ५०० पेक्षा कमी रेणुभाराचे पदार्थ शृंगस्तरातून जाऊ शकतात असा एक ढोबळ नियम सांगतात. तथापि त्यासाठी त्या पदार्थाला मेदाचीही काही ओढ असावी लागते. ट्रेहॅलोज पूर्णपणे जलप्रिय असल्यामुळे ते मेदाच्या भिंतीपाशीच अडते. त्याचे कार्य बहुतांशी पृष्ठभागावर व शृंगस्तराच्या वरच्या पदरांत घडते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शृंगस्तराच्या कोशिका मृतच असतात. वाळवंटातील वनस्पतीत वा यीस्टमध्ये ट्रेहॅलोज जिवंत कोशिकेच्या आत साठते व वाळताना तिचा जीव वाचविते. मलमातील ट्रेहॅलोज मृत कोशिकांच्या थरावर पडते. तेथे वाचविण्यासारखा जीव नसतो, टिकविण्यासारखे पाणी मात्र असते. म्हणून ‘वनस्पतीला पुन्हा जिवंत करणारी शर्करा त्वचेलाही पुन्हा तरुण करील’ हे अनुमान टिकत नाही. कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा आर्द्रता वाढल्याने तात्पुरत्या बुजतात. वयामुळे वा सूर्यप्रकाशामुळे अंतस्त्वचेतील तंतूंत झालेले बदल त्यामुळे नाहीसे होत नाहीत.

चौथी गोष्ट मापनाविषयीची. त्वचेतील आर्द्रता बहुधा विद्युत् धारिता मोजणाऱ्या उपकरणाने मापतात. नुसते पाणी लावल्यावरही काही मिनिटे हे माप वाढते. त्यामुळे मलम लावल्यानंतर लगेच घेतलेल्या मापापेक्षा काही दिवसांच्या वापरानंतरचे माप व त्वचेतून निसटणाऱ्या बाष्पाचे माप ही अधिक बोलकी ठरतात. तुलनेसाठी तेच मलम ट्रेहॅलोजाविना लावून पाहिलेले असणेही जरूर असते.

मधुमेही व्यक्तींनी शर्करायुक्त मलम वापरावे की नाही, अशी शंका कधीकधी घेतली जाते. २ टक्के ट्रेहॅलोज असलेल्या २ ग्रॅ. मलमात ही शर्करा केवळ ४० मिग्रॅ. असते. चहाच्या एका चमचाभर साखरेच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच ही मात्रा असून तीही त्वचेतून रक्तात जात नाही. त्यामुळे रक्तातील ग्लुकोज वाढण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. उलट मधुमेहात पायांच्या भेगांतून जंतुसंसर्गाचा धोका असल्यामुळे त्वचा मऊ राखणे अगत्याचे असते. मात्र भेगा खोल असतील किंवा त्यांतून पाणी वा रक्त येत असेल, तर मलमावर न विसंबता वैद्यकीय सल्ला घेणे जरूर आहे.

अन्य वनस्पतिजन्य शर्करा : त्वचाप्रसाधनांत ट्रेहॅलोजाखेरीज इतर शर्करा व शर्करा-अल्कोहॉलेही वापरतात. झां बातीस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना १८७२ मध्ये रोवन वृक्षाच्या फळांत सॉर्बिटॉल आढळले. आता ते स्टार्चपासून मिळविलेल्या ग्लुकोजावर उच्च दाबाखाली हायड्रोजनाची विक्रिया करून बनवितात. मलमे व दंतधावने (टूथपेस्ट) मऊ राखण्यासाठी ते फार मोठ्या प्रमाणावर लागते. झायलिटॉल हे बर्च वृक्षाच्या लाकडातील वा मक्याच्या बुरकुंडांतील झायलान या पदार्थापासून तयार होते. ही सर्व मुख्यतः आर्द्रताधारक म्हणून कार्य करतात.

इतर उपयोग : ट्रेहॅलोजाचे मूळचे संरक्षक सामर्थ्य प्रसाधनांपेक्षा औषधांत अधिक स्पष्टपणे प्रत्ययास येते. कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब यांसारख्या प्रतिपिंड-औषधांत प्रथिनांच्या घड्या विस्कटू नयेत म्हणून ते घालतात. कोरड्या डोळ्यांच्या विकारावरील थेंबांतही त्याचा उपयोग होतो. ओकायामा विद्यापीठातील तोशिहिको मात्सुओ यांनी २००१ मध्ये, ट्रेहॅलोजामुळे स्वच्छमंडलाच्या (बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या) पृष्ठभागावरील कोशिका वाळून मरण्यापासून वाचतात, असे दाखविले. येथील कोशिका जिवंत असतात, त्यांच्यावर शृंगस्तराचे आवरण नसते आणि अश्रूंचा थर आटला की त्या खरोखरच वाळू लागतात. म्हणून निसर्गातील कार्याशी या उपयोगाचे साम्य त्वचेवरील उपयोगापेक्षा अधिक जवळचे आहे.

खाद्यपदार्थांत गोठविलेल्या पदार्थांचा पोत व वाळविलेल्या फळांचा रंग टिकविण्यासाठी ट्रेहॅलोज घालतात. लहान आतड्यातील ट्रेहॅलेज या एंझाइमामुळे त्याचे विच्छेदन होऊन ग्लुकोज मिळते. मधुमेही व्यक्तींनी ते खाण्यात असल्यास इतर शर्करांप्रमाणेच हिशेबात धरावे लागते. हे एंझाइम जन्मतः कमी असणाऱ्या थोड्या लोकांना ते खाल्ल्यावर पोटाचा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ञ समितीने २००० मध्ये ट्रेहॅलोजाच्या दैनिक सेवनास संख्यात्मक मर्यादा घालण्याची आवश्यकता नसल्याचे मत दिले. यूरोपीय संघाने २००१ मध्ये नवीन अन्नघटक म्हणून त्यास मान्यता दिली.

भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार होते. या नियमांप्रमाणे १ टक्क्याहून अधिक असलेले घटक वेष्टनावर उतरत्या क्रमाने द्यावे लागतात व १ टक्का वा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. ट्रेहॅलोजाचे नाव यादीत परिरक्षके व सुगंधद्रव्ये यांच्याही मागे आले असेल, तर त्याचे प्रमाण अत्यल्प आहे असे बहुधा समजावे. मग वेष्टनाच्या दर्शनी भागावर पुनरुज्जीवी वनस्पतीचे चित्र कितीही मोठे असो. ग्लिसरीन व एखादा आच्छादक घटक यांची नावे यादीच्या आरंभी असणारे साधे मलम अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावले, तर कोरड्या त्वचेची प्रमुख गरज भागते. ट्रेहॅलोज त्यात योग्य प्रमाणात असल्यास त्याची भर पडते.